प्रेषक : दत्तू गमरे

मयताच्या निरोपात चाचणीसाठी कुणाचं नाव घालायचं, यावर दत्तू गमरे आणि संघप्रिया तांबे यांचं एकमत होत नव्हतं. कळंबोलीच्या सिडको वसाहतीतल्या दत्तूच्या घरी संघप्रिया मांडीवर लॅपटॉप घेऊन स्टुलावर बसली होती. दत्तू पलंगाच्या कडेला टेकला होता. पलंगावर त्याची बायको भिमाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती झोपली आहे असं दोघांना वाटत होतं.

"काका, 'टेस्ट टेस्ट' असं टाकू ना. सगळे तसंच करतात."

"मयताच्या निरोपात टेस्ट? उद्या तसंच कुणाच्या घरी गेलं तर?"

"नाही जाणार. टेस्ट मोड ऑन आहे. काहीही पाठवलं तरी फक्त मला येतं."

"तुलाच येतंय तर खरं नाव घाल. निरोप दिसतो कसा, ते तरी बघू."

"मग आमच्या आजोबांचं टाकू? ते ऑलरेडी..."

"गेलेल्या माणसाचा निरोप दुसऱ्यांदा फिरवायचा नसतो."

"मग जिवंत माणसाचं?"

"कुणाचं घालशील? तुझ्या बापाचं?"

तेव्हा भिंतीकडून आवाज आला, "स्वतःचं घाला की. बोंब मारणारं हाय कोण?"

ते दत्तूला पटलं. स्वतःच्या नावाला हरकत घेणारा माणूस तो स्वतःच होता आणि त्याची हरकत नव्हती.

निरोपातलं दत्तूला कळतं, याबद्दल वेरळोशीच्या लोकांत दुमत नव्हतं. माणगावच्या पुढे डोंगराला टेकलेल्या या गावातली निम्मी बौद्धवाडी हळूहळू नवी मुंबईत येऊन राहिली होती. कुणी खारघरला फ्लॅट घेतले, कुणी कळंबोलीत सिडकोची घरं, कुणी द्रोणागिरीला गोदामांच्या आसपास खोल्या. मयत झालं की घरोघर माणूस पाठवून सांगायचं, ही गावाची पद्धत त्यांनी इथेही सोडली नाही, आणि तो माणूस पहिल्यापासून दत्तू होता. लोखंड बाजारात माथाडीचं काम सांभाळून त्याने हे केलं.

त्याचे नियम होते. बेल दोनदा वाजवायची. चप्पल काढायची नाही, उंबरा ओलांडायचा नाही. आधी घर सांगायचं, मग नाव, मग वेळ. 'जरा सिरियस आहेत' असली मखलाशी करायची नाही. आणि पाणी प्यायचं नाही. पाणी प्यायलं की बसावं लागतं, बसलं की बोलावं लागतं, आणि पुढची घरं राहून जातात. या नियमांमुळे एक झालं. दत्तू सहज कुणाच्या दारात उभा राहिला, तरी घरातली बाई हातातलं टाकून विचारायची, "कोण गेलं?" लग्नाची पत्रिका वाटायला त्याला कधीच कुणी पाठवलं नाही.

मग भिमाबाईच्या किडन्या बिघडल्या. दवाखाने झाले, डायलिसिस झालं, आणि शेवटी डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. मूलबाळ नव्हतं. दत्तूला घर सोडता येईना. इथल्या वेरळोशीकरांच्या मंडळाने निरोपासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप वापरून पाहिला. पण तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांखाली एक मयत दबून गेलं आणि एका माणसाला स्वतःचा सख्खा मामा गेल्याचं मयतानंतरचा जलदान विधी उरकल्यावर कळलं. तेव्हा मंडळाचे सचिव अभय तांबे म्हणाले, आमची संघप्रिया महापेच्या कंपनीत हेच काम करते, ती मंडळाची वेबसाइट करेल. नाव भरायचं, वेळ भरायची, बटण दाबायचं, सगळ्या सभासदांना मेल. पोरंबाळं ऑफिसातच असतात, मेल तर बघतातच. मेल पाठवणाऱ्याचं नाव मात्र मंडळाचं नको, दत्तूचं ठेवा, असं अभयरावांनी सुचवलं. लोक मंडळावर विश्वास ठेवत नाहीत, दत्तूवर ठेवतात.

दत्तू लगेच तयार झाला, तेव्हा अभयरावांना आश्चर्य वाटलं होतं. त्याने कारण फक्त त्यांनाच सांगितलं.

"अभय, घरचा माणूस निरोप घेऊन जात नाय. भिमाच्या वेळी मी तिच्याजवळ बसलेला असणार. माझं काम कुणी शिकलंच नाय. मग तिचं कोण सांगणार? सगळ्यांच्या मयताला मी माणसं गोळा केली. ती चार शेजाऱ्यांत जायला नको. तेवढं ते मेलचं बसवा."

तर संघप्रियाने 'दत्तू सखाराम गमरे' असं भरलं. वेबसाइटने आपणहून नावाच्या आधी 'कालकथित' लावलं, गेलेल्या माणसाला लावतात ते. लॅपटॉपवर चाचणी ठीक झाली. मेल फक्त तिला आला. दत्तूने चष्मा लावून तो वाचला आणि मान हलवली.

"पण मला हे माझ्या मोबाइलवर करता आलं पायजे. तू काय रोज इथं बसणार नायस."

संघप्रियाने त्याच्या मोबाइलवर वेबसाइट उघडून दिली आणि तेच नाव पुन्हा भरलं. इथे ती चुकली. टेस्ट मोड तिने चालू केला होता तो तिच्या लॅपटॉपवरच्या प्रतीत. मोबाइलवर उघडली ती खरी वेबसाइट, आणि तिथे टेस्ट मोड बंद होता. हे तिच्या लक्षात यायला एक मिनिट लागलं असतं. तेवढ्यात दत्तूने बटण दाबलं होतं. बेल दाबायची सवय असल्यामुळे त्याने ते दोनदा दाबलं.

मेल असा होता : 'कालकथित दत्तू सखाराम गमरे, राहणार कळंबोली, यांचे आज दुःखद निधन झाले. अंत्ययात्रा दुपारी चार वाजता राहत्या घरातून निघेल. जय भीम. निरोप देणार : दत्तू गमरे.'

पहिला फोन संघप्रियाला तिच्या वडिलांचा आला. ते रडत होते.

"कधी गेला गं? तू तर सकाळी तिकडेच गेली होतीस."

"पप्पा, काका इथेच बसलेत."

"बसवलंय? बसवलंय कशाला? झोपवा त्याला!"

"पप्पा, जिवंत आहेत. चहा पितायत."

पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग अभयरावांनी सचिवांच्या आवाजात विचारलं, "मेल किती जणांना गेला?"

"सगळ्यांना."

"दुरुस्ती पाठव. लगेच."

संघप्रियाने दुरुस्ती पाठवायला घेतली आणि एकामागून एक गोष्टी तिच्या लक्षात येत गेल्या. पहिली म्हणजे, निरोप गेल्याबरोबर वेबसाइटने दत्तूची मयत म्हणून नोंद केली होती आणि मयत सभासदाला आत यायची परवानगी नव्हती. हे तिनेच मोठ्या विचाराने करून ठेवलेलं होतं. तिने वडिलांच्या नावाने आत जाऊन लिहिलं, 'दत्तू सखाराम गमरे हे घरी सुखरूप आहेत.' वेबसाइटला फक्त मयताचे निरोप पाठवता येत होते. वेबसाइटने याही वेळी नावाआधी आपला शब्द लावला आणि खाली आपली सही ठेवली. मजकूर तयार झाला : 'कालकथित दत्तू सखाराम गमरे हे घरी सुखरूप आहेत. निरोप देणार : दत्तू गमरे.'

घाईत संघप्रियाने तो तसाच सोडला. पण तो गेलाच नाही. मेल पोहोचवणारी सेवा फुकट होती आणि दिवसाला तीनशे मेलच न्यायची. सभासद होते दोनशे. दत्तूच्या पहिल्या दाबण्याने दोनशे गेले होते, दुसऱ्या दाबण्यातले शंभर गेले आणि त्या दिवसाची मर्यादा संपली. उरलेले शंभर रांगेत उभे राहिले होते. सुखरूप असल्याचा मेल त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

"म्हणजे मी उद्या जिवंत होणार," दत्तू म्हणाला.

"सॉरी काका. मी फोन करत सुटते सगळ्यांना."

"आता कुणाला करतेस? निघाली असतील माणसं."

माणसं निघालेलीच होती. सगळ्यात आधी बेल वाजली. दोनदा नाही, सलग. दत्तूने दार उघडलं. खारघरची पुतळाबाई दारात उभी होती, पांढरं पातळ नेसलेली, एका हातात मेणबत्त्यांचा पुडा, दुसऱ्या हातात मोगऱ्याचा मोठा हार. दत्तूच्या गावकीतली, त्याच्याच वयाची, लहानपणापासून त्याला अरे-तुरे करणारी. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या खांद्यावरून घरात पाहिलं. परत त्याच्याकडे पाहिलं.

"कोण गेलं?" तिने सवयीने विचारलं.

"कोण नाय. चुकून झालं."

"चुकून? अरे रिक्षात रडून रडून माझा घसा बसला! रिक्षावाल्याने मीटरच्या वरचे सोडले!"

"मशीनची चूक झाली, पुतळा."

"मशीन बिशीन मला नको सांगूस. मेल तुझ्या नावानं आलाय. पोरानं वाचून दाखवला मला. तू आजवर कुणाचा खोटा निरोप आणलास? मग मी कशाला संशय घेऊ?"

"अगं पण मीच मेलो नि मीच कसा सांगीन?"

पुतळाबाईने क्षणभर विचार केला. "मला वाटलं, तू नीटनेटका माणूस. आधीच लिहून ठेवलं असशील."

पलंगावरून भिमाबाई हसली. तिला हसताना धाप लागली, तरी ती थांबेना. संघप्रियाने तिला उठवून पाठीला उशी लावली. "ये पुतळा," ती म्हणाली, "बघून घे, धडधाकट हाय. माझी कायमची सुटका काय झाली नाय."

मग एकेक करत घर भरलं. कुणी हार घेऊन आलं, कुणी रडत आलं, कुणी शेजारच्या दुकानातून दूध घेऊन आलं, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. कुणालाही मेलच्या खालच्या सहीत वावगं दिसलं नव्हतं. उलट ती सही होती म्हणूनच ते उठून आले होते. दत्तू मेल्याची बातमी दत्तूने दिली, म्हणजे ती पक्की. आल्यावर प्रत्येक जण आधी दत्तूला मिठी मारायचा आणि मग त्याच्यावर चिडायचा.

सगळ्यात शेवटी द्रोणागिरीहून टेम्पो आला. भिमाबाईचा धाकटा भाऊ कमळाकर तिथे गोदामात सुपरवायझर होता. मेव्हण्याचं कर्तव्य म्हणून तो तिरडीचे बांबू, सुतळी आणि गोदामातले चार हमाल घेऊन आला होता. जिन्यापासून रडत तो सरळ बहिणीच्या पलंगाशी जाऊन खाली बसला.

"ताई, तू काय काळजी करू नको. मी आहे. तू आजपासून माझ्याकडे..."

"कमळ्या, मागं बघ."

मागे दत्तू चहाचा ट्रे घेऊन उभा होता. कमळाकर उठला, त्याने डोळे पुसले आणि त्याचा आवाज बदलला.

"दाजी, हे बरोबर नाही हां. मी हाफ डे टाकलाय. कारण काय लिहिलंय माहितीय? मेव्हण्याचं निधन. आता तुमी खरंच गेलात तर मी काय लिहू?"

"तेच लिही. सायबाला सांग, पुढं ढकललं होतं."

हमाल हसले. कमळाकरला हसायचं नव्हतं, पण तोही हसला. बांबू परत न्यायला तो तयार होईना. तिरडीचे बांबू टेम्पोत घालून परत नेलेले बघून लोक काय म्हणतील, असा त्याचा मुद्दा होता. मग दत्तूने ते मोरीच्या मागे उभे करून ठेवले. हारांचंही तेच झालं. ते बुद्धाच्या मूर्तीला घातले, मावले नाहीत, तेव्हा पुतळाबाईने उरलेला एक भिमाबाईच्या उशाशी ठेवला.

संध्याकाळपर्यंत कुणी हललं नाही. भिमाबाई बसून होती. गेल्या कित्येक महिन्यांत ती एवढा वेळ बसली नव्हती. तिने केस विंचरून घेतले. गावातल्या जुन्या भानगडी काढल्या. कुणाच्या लग्नात भात कमी पडला होता आणि कुणाच्या नवऱ्याने ओढ्यात सायकल घातली होती, ते सगळ्यांना नावानिशी सांगितलं. माणसं गेल्यावर खोलीत मोगऱ्याचा वास राहिला. दत्तूने तिला आडवं केलं.

"बरी आली माणसं," ती म्हणाली.

"तुझ्यामुळं थांबली."

"माझ्या वेळी येतील ना एवढी?"

"न यायला काय झालं? मेल जाईल ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्यादा नव्याने सुरू झाली आणि रांग हलली. रांगेत आधी ते शंभर राहिलेले निरोप होते. त्यामुळे आदल्या दिवशी दत्तूला स्वतःच्या डोळ्यांनी जिवंत पाहून, त्याच्या हातचा चहा पिऊन गेलेल्या लोकांना पुन्हा कळलं की दत्तू सखाराम गमरे यांचे आज दुःखद निधन झाले. त्याच्या मागोमाग त्यांना कळलं की कालकथित दत्तू सखाराम गमरे हे घरी सुखरूप आहेत. हे वाचून लोकांनी मोबाइलवर जे बटण हाताशी आलं ते दाबलं. बहुतेकांच्या हाताशी 'स्पॅम' आलं.

संघप्रियाने पुढचे पंधरा दिवस वेबसाइट दुरुस्त करण्यात घालवले. बटण दोनदा दाबलं तरी एकदाच धरायचं, पाठवण्याआधी 'नक्की ना?' विचारायचं, मेलची पैसे भरून मिळणारी सेवा घ्यायची, मयत सभासद चुकून मयत झाला असेल तर त्याला परत जिवंत करायची सोय. तिने सगळं तपासलं. लोकांच्या मनातलं आणि लोकांच्या मोबाइलमधलं तिला तपासता आलं नाही.

भिमाबाई सप्टेंबरात गेली. पहाटे, दत्तूचा हात धरून.

दत्तूने संघप्रियाला बोलावून घेतलं. तो पलंगाशी बसला होता. नियमाप्रमाणे तो उठणार नव्हता. तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. नाव त्याने सांगितलं, वेळ त्याने सांगितली, दुपारी दोन. वेबसाइटने 'नक्की ना?' विचारलं. दत्तू त्या प्रश्नाकडे बघत राहिला. मग त्याने बटण दाबलं. एकदाच.

एकेका नावासमोर हिरवी खूण उमटत गेली. पोहोचला, पोहोचला, पोहोचला. दोनशे नावं हिरवी झाली.

"सगळ्यांना गेलं, काका."

"बरं झालं," दत्तू म्हणाला. "आता येतील."

हिरव्या खुणा होत्या, म्हणून कुणी फोन केले नाहीत. अभयराव आले. आदल्या रात्रीपासून बहिणीजवळ असलेला कमळाकर तिथेच होता. शेजारची तीन घरं होती. मोरीमागचे बांबू काढून कमळाकरने तिरडी बांधायला घेतली. बारा वाजले तेव्हा खोलीत सकाळचीच माणसं होती. प्रत्येक वेळी जिन्यात पाऊल वाजलं की दत्तू दाराकडे बघायचा. एकदा कुरिअरवाला आला. एकदा वरच्या मजल्यावरची मुलं शाळेतून आली.

"ट्रॅफिक असेल," अभयराव म्हणाले.

"शीळफाट्याला असतोच," कमळाकर म्हणाला. कुणीही शीळफाट्यावरून येणार नव्हतं.

संघप्रियाला काहीतरी आठवलं. तिने कमळाकरला बाजूला बोलावलं. "मामा, तुम्हाला मेल आला का बघा ना."

"मला कशाला बघायचाय? मी इथंच आहे."

"बघा तरी."

त्याने मोबाइल काढला. मेल नव्हता. संघप्रियाने मोबाइल हातात घेऊन स्पॅमची पेटी उघडली. लॉटरीच्या आणि कर्जाच्या मेलांत तो होता. 'कालकथित भिमाबाई दत्तू गमरे.'

"त्या वेळी लोकांनी स्पॅम दाबलं होतं," ती म्हणाली. "एवढ्या जणांनी दाबलं की मेलवाले तो पत्ताच खोटा धरतात. मग कुणाच्याही समोर येत नाही. पोहोचतो, पण तिथे."

कमळाकर सुतळी गुंडाळत राहिला. "मी पण दाबलं होतं," तो म्हणाला.

अभयरावांनी गॅलरीत जाऊन फोन लावला, पुतळाबाईच्या खारघरच्या घरी. तिच्या मुलाने, संघर्षने, उचलला. अभयरावांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन नेहमीसारखा स्पीकरवर होता आणि आवाज खोलीत आला.

"संघर्ष, अरे भिमाकाकी गेल्या."

"काका, यावेळी नाही हां फसणार! मेल दिसला मला स्पॅममध्ये. आधी दत्तूकाका, आता काकी. टेस्टिंग संपलं नाही का संघप्रियाचं? आई म्हणते, या वेळी हार दत्तूकाकांनी आणून ठेवायचा!"

तो मनापासून हसत होता. ते हसू आत ऐकू जाऊ नये म्हणून अभयरावांनी घाईने फोन बंद केला. खोलीत सगळ्यांनी ते ऐकलं होतं. संघप्रिया भिंतीला टेकून खाली बसली.

दत्तू उठला. खुंटीवरची टोपी घेतली. दारातल्या चपला पायात घातल्या.

"दाजी, कुठं?"

"निरोप द्यायला."

"दाजी, घरचा माणूस नाही जात. तुमीच सांगता ना. आमी फोन करतो सगळे मिळून, बसा तुमी."

"फोन केला ना आत्ता. हसला तो." दत्तूने टोपी नीट केली. "त्याचं काय चुकलं नाय. तू बस ताईजवळ. तिला एकटी नको ठेवू. संघप्रिया, गाडी आणलीस ना?"

संघप्रियाच्या स्कूटरवर मागे बसून दत्तू खारघरला गेला. वाटेत ती दोनदा "काका, सॉरी" म्हणाली. दोन्ही वेळा त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं, पोरीने रस्त्याकडे बघावं म्हणून. उंच इमारतीच्या गेटवर जुना वॉचमन होता. वेरळोशीची पाच घरं या इमारतीत असल्यामुळे तो दत्तूला ओळखत होता. त्याने वही पुढे केली नाही. नुसतं विचारलं, "काका, कौन गया?"

दत्तू न थांबता लिफ्टकडे गेला.

सातव्या मजल्यावर त्याने बेल दोनदा वाजवली. चपला काढल्या नाहीत. दार पुतळाबाईने उघडलं. मोबाइलवर चाललेला विनोद तिच्या चेहऱ्यावर अजून होता.

"आलास? आता कोण? परत तूच का?"

दत्तू उंबऱ्याबाहेर उभा होता, आयुष्यभर उभा राहायचा तसाच. आधी घर, मग नाव, मग वेळ.

"गमऱ्यांच्या घरचं," तो म्हणाला.

पुढे नाव यायला हवं होतं. आलं नाही. तो पुन्हा म्हणाला, "गमऱ्यांच्या घरचं." त्याने एक हात दाराच्या चौकटीवर ठेवला. शेकडो दारांत शेकडो नावं त्याने न अडखळता सांगितली होती. पुतळाबाईच्या तोंडावरचं हसू आधी थांबलं आणि मग गेलं.

ती काही न विचारता आत गेली आणि तांब्या घेऊन आली.

"घे."

"निरोपात पाणी घेत नाय."

"तू आता निरोपात नाहीस, दत्तू. बस."

दत्तूने पायातल्या चपला काढल्या. उंबऱ्याच्या आत येऊन तो दाराजवळच खाली बसला आणि तांब्या दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायला. संपेपर्यंत प्यायला. संघर्ष आतून बाहेर आला, त्याने पाहिलं आणि मोबाइल खिशात घातला.

"मेल आला होता का गं तुला?" दत्तूने विचारलं.

"आला असेल," पुतळाबाई म्हणाली. "वेळ काय सांगितलीस?"

"दोनची. पण चार घरं राहिलीत याच बिल्डिंगमधली. वरच्या मजल्यावर..."

"दोनचं पाच कर. घरं मी सांगते."

तिने पदर खोचला, चपला घातल्या आणि लिफ्टची वाट न बघता जिना चढायला लागली. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावर एक बेल वाजली. दत्तूने मान वर करून कान दिला. ती एकदाच वाजली होती.

"दोनदा," तो संघप्रियाला म्हणाला. "तिला सांग जा. दोनदा वाजवायची."

संघप्रिया जिन्याकडे धावली.